हमीदभाईंचा फोन

समस्त वऱ्हाडवासीयांस, आणि वऱ्हाडाबाहेर राहून वऱ्हाडाला नावं ठेवणाऱ्यांसही, अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, बडनेऱ्याच्या एका कापड दुकानदाराने दुपारी जेवण करून, गल्ल्यावर बसल्या बसल्या, आमच्या दैनिकाच्या ऑनलाइन आवृत्तीतल्या एका लेखाखाली 'फालतू' एवढा एकच शब्द लिहिला. आणि त्या शब्दाची चौकशी दुसऱ्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता रीतसर सुरू झाली.

"नमस्कार. अमरावतीहून बोलतो, वाचक-पत्रव्यवहार विभाग. आपला अभिप्राय मिळाला, आभारी आहोत."

"कोन्ता अभिप्राय?"

"'फालतू'."

पलीकडे दुकानदाराने पंखा बारीक केला.

"बरं, मंग?"

"एक खुलासा हवा होता. कोणता परिच्छेद फालतू आहे?"

"म्हंजे?"

"लेखाचे सहा परिच्छेद आहेत. पहिला प्रस्तावनेचा आहे, तो मलाही थोडा तसाच वाटला. आपण पहिल्याबद्दल म्हणत असाल तर मी संपादकांच्या कानावर घालतो."

"गिऱ्हाईक आलं," असं म्हणून दुकानदाराने फोन ठेवला. वीस मिनिटांनी त्याचाच फोन आला.

"चवथा," तो म्हणाला. "आत्ता पुरा वाचला. चवथा फालतू हाय. बाकी ठीक हाय."

"लिहून घेतो," हमीदभाई म्हणाले, आणि त्यांनी खरोखरच लिहून घेतलं.

शेख हमीद शेख करीम, मूळ राहणार अकोला. आमच्या दैनिकाच्या 'वाचक म्हणतात' या सदराचे संपादक, उपसंपादक, शिपाई आणि टपाल खातं, सगळं तेच. सोमवारी सकाळच्या गाडीने अकोल्याहून यायचे, शनिवारी संध्याकाळी परत जायचे. मधले दिवस ते एका टेबलापाशी, चपला काढून, मांडी घालून खुर्चीत बसलेले असायचे. खुर्चीत मांडी घालून बसणारा माणूस एकतर फार निवांत असतो किंवा फार हट्टी. हमीदभाई दोन्ही होते.

मी त्याच दैनिकात त्या काळी राशिभविष्य लिहीत असे. (कर्क राशीच्या मंडळींची मी आजही मनातल्या मनात क्षमा मागतो.) आमची टेबलं शेजारी होती. माझ्या टेबलावर भविष्य होतं, त्यांच्या टेबलावर लोकांचा भूतकाळ. कारण पत्र पोचेपर्यंत ज्या बातमीवर ते लिहिलेलं असायचं ती बातमी शिळी होऊन जायची. हमीदभाईंना त्याचं काही वाटत नसे. उलट ते म्हणायचे, "शिळं झालं का मुरते. लोनचं काय पहिल्या दिवशी खातात काय बे?"

त्यांच्या टेबलावर तीन ट्रे होते. एकावर 'आज', दुसऱ्यावर 'उद्या' आणि तिसऱ्यावर 'राग' असं लिहिलेलं. रागाने लिहिलेलं पत्र आलं की ते तिसऱ्या ट्रेमध्ये तीन दिवस पडून राहायचं. चौथ्या दिवशी हमीदभाई पत्रलेखकाला स्वतःच्या हाताने एक पोस्टकार्ड टाकायचे: 'आपले पत्र मिळाले. राग अद्याप तेवढाच आहे काय? असल्यास कळवावे, पत्र अवश्य छापू.' निम्म्या लोकांचं उत्तरच यायचं नाही. काहींचं यायचं, 'राहू द्या.' एकदा नांदगाव खंडेश्वरहून एका गृहस्थाने लिहिलं होतं, 'राग वाढला आहे, पण आता तो वेगळ्या माणसावर आहे. नवे पत्र पाठवीत आहे.' ते पोस्टकार्ड हमीदभाईंनी टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं.

पत्र छापायचं ठरलं की ते नीट करायचे. नीट म्हणजे किती, तर मूळ लेखकाला आपलंच पत्र वाचून स्वतःबद्दल आदर वाटावा इतकं. एखाद्याने लिहावं, 'नळाले पानी नाई, नगरपालिका झोपली काय', आणि छापून यावं, 'पाण्याअभावी नागरिकांचे हाल होत असून प्रशासनाने जागे होण्याची वेळ आली आहे.' लोक ते कात्रण पाकिटात घेऊन हिंडायचे. लग्नाच्या बोलणीत दाखवायचे. आपण असं बोलत नाही, पण आपल्याला असं बोलता आलं असतं, याचा छापील पुरावा हमीदभाई पुरवायचे, फुकट.

आणि त्यांची एक सवय सगळ्या ऑफिसला ठाऊक होती. कुणी कुठल्याही लिखाणाविषयी तोंड उघडलं, चांगलं किंवा वाईट, की हमीदभाई मान वर न करता विचारायचे, "खालपर्यंत गेलते का?"

ही सवय कुठून आली ते मला एकदा अकोल्याला त्यांच्या घरी जेवायला गेलो तेव्हा कळलं. वडील करीमचाचा पुस्तकं बांधायचे. शाळांची रजिस्टरं, वकिलांची जाडजूड पुस्तकं, कुणाच्या घरची पोथी, कुणाच्या घरचं कुराण, सगळं त्यांच्या हातातून जायचं. वाचता मात्र एक अक्षर येत नव्हतं. त्यामुळे सुटी पानं शिवण्याआधी त्यांनी एक पद्धत काढली होती. पोराला समोर बसवायचं आणि पानं लावली त्या क्रमाने मोठ्याने वाचायला लावायची. हातात सुई-दोरा, कान वाचणाऱ्याकडे. एखादं पान मागे-पुढे झालं असलं की वाक्य लंगडायचं, आणि अक्षरशत्रू बाप हात वर करायचा, "रुक. बीच में कुछ छूट गया."

"एकदाई चुकले नाईत," हमीदभाई म्हणाले. "मले सहावीत कायदा तोंडपाठ होता. समजत काईच नव्हता."

बायकोने पलीकडून भाजी वाढता वाढता पुस्ती जोडली, "अब भी कहाँ समझता है."

तर असा माणूस, आणि त्याच्या समोर एक दिवस इंटरनेट येऊन उभं राहिलं.

मालकांच्या पुतण्याने दैनिकाची ऑनलाइन आवृत्ती सुरू केली. अनिकेत त्याचं नाव, पण आम्ही त्याला 'डिजिटल' म्हणायचो. पुढे तोही फोनवर "डिजिटल बोलतोय" असंच सांगू लागला. प्रत्येक बातमीखाली लोकांना लगेच मत लिहिता येणार होतं. त्यासाठी आधी नाव आणि मोबाइल नंबर भरायचा, मग लिहायचं. नाव काहीही चालायचं, 'वाघ', 'काळा घोडा', 'सच्चा माणूस', पण नंबर खरा लागायचा. या अभिप्रायांवर लक्ष ठेवायला माणूस हवा होता. पत्रं तर आटत चालली होती. 'आज'चा ट्रे रिकामा, 'उद्या'च्या ट्रेमध्ये हमीदभाईंचा डबा. डिजिटलने त्यांना एक संगणक दिला आणि सांगितलं, "काका, शिव्या असल्या की काढायच्या. बाकी जाऊ द्यायचं. सोप्पं काम आहे."

पहिल्या दिवशी हमीदभाईंनी सकाळी आलेला अभिप्राय वाचला, हसले, दुसरा वाचला, बाह्या सरसावल्या, आणि दुपारपर्यंत त्यांनी सगळे अभिप्राय नीट करून टाकले. जसे पूर्वी करायचे तसे.

चौथ्या दिवशी हिवरखेडहून एक तरणाबांड माणूस दोन एसट्या बदलून आमच्या ऑफिसात आला. दारातूनच त्याने विचारलं, "इथं हमीद कोन हाय?"

हमीदभाईंनी मांडी न मोडता हात वर केला.

"तुमी माह्या कमेंटचं काय केलं?"

त्याने लिहिलं होतं, 'रोडची वाट लावली साल्यायनं, सगळे चोर.' आणि त्याच्या नावाने झळकलं होतं, 'हिवरखेड परिसरातील रस्त्यांची दुरवस्था झाली असून संबंधितांनी कृपया लक्ष द्यावे, ही नम्र विनंती.'

"चांगलं झालं ना मग," हमीदभाई प्रामाणिकपणे म्हणाले.

"काय चांगलं झालं जी? गावात पोट्टे मले 'नम्र विनंती' म्हनून हाका मारून रायले. पानठेल्यावर गेलो तं म्हनतात, या नम्र विनंती, बसा नम्र विनंती. माह्या सासऱ्याचा फोन आला, म्हने जावईबापू, तुमची तब्येत बरी हाय ना?"

ऑफिस हसून हसून टेबलावर पडलं. हमीदभाई हसले नाहीत. त्यांनी त्या माणसाला खुर्ची दिली, चहा मागवला, एक कोरा कागद समोर ठेवला आणि विचारलं, "कोणता रोड?" त्याने नकाशा काढला. कुठं खड्डा, कुठं मोरी फुटली, कुठल्या वळणावर शाळेची ऑटो उलटता उलटता राहिली. तासभर तो बोलत होता. ती पुढे पहिल्या पानावरची बातमी झाली. पण तो गेल्यावर हमीदभाई बराच वेळ काचेखालच्या पोस्टकार्डाकडे बघत बसले.

मग मला म्हणाले, "कागदावर यायचं असलं का मानूस कपड्याले इस्तरी करते. मले वाटे, इस्तरी करून देनं आपलं काम. इथं तो बनियनवर येते. अन् त्याले तसंच यायचं असते."

"मग आता?"

"आता इस्तरी बंद. पन बनियनवर आलेल्या मानसाले, घरात बोलावून, 'कसे काय आले' हे तं विचारता येते ना?"

त्या दिवसापासून फोन सुरू झाले. शब्दाला हात लावायचा नाही, पण शब्द टाकणाऱ्याला विचारायचं. रोज सकाळी साडेदहा ते एक. वऱ्हाडी माणूस, पण फोनवर गेला की थेट पुस्तकातलं मराठी. मला वाटतं, ती त्यांची स्वतःची इस्त्री होती. 'काळा घोडा' नावाने तीन महिने आग ओकणारा इसम फोनवर एका पतसंस्थेतला अत्यंत मवाळ कारकून निघाला आणि म्हणाला, "सर, बायको बाजूलेच बसली हाय, नंतर बोलू का?" 'सच्चा माणूस' म्हणाला, मी वाचत नसतो, मी फक्त लिहितो. एका आजोबांनी लेखाखालचा पसंतीचा अंगठा दाबला होता तो चुकून. पण फोन आल्याचा त्यांना इतका आनंद झाला की ते दर मंगळवारी मुद्दाम चुकून दाबू लागले.

डिजिटल वैतागला. त्याच्या टेबलावर एक मोठा पडदा होता. कुठल्या बातमीवर वाचक किती वेळ थांबला ते त्यावर दिसायचं. हमीदभाई एकदा त्यासमोर उभे राहिले. लोक येत होते, शीर्षक वाचून होईल एवढा वेळ थांबत होते, आणि खाली न उतरता थेट मत लिहून निघून जात होते. हमीदभाई एखाद्या अपघाताकडे बघावं तसे त्या पडद्याकडे बघत राहिले.

"काका," डिजिटल म्हणाला, "लोक आता असंच वाचतात. वाचणं आणि बोलणं एकाच वेळी चालतं. तुम्ही त्यांना फोन केलात तर ते येणं बंद करतील."

"बंद नाई करत," हमीदभाई म्हणाले. "दुसऱ्या खेपेले खालपर्यंत जातात. फोन येईन म्हनून भेतात."

यात थोडं तथ्य होतं, पण थोडंच. ते किती थोडं, हे मयूरीच्या लेखाच्या वेळी कळलं.

मयूरी शेंदूरजनाघाटची. अमरावतीला कॉलेजात शिकायची, आणि आमच्या तरुणांच्या पानासाठी कधीमधी लिहायची. तिची आई पुष्पाबाई गावातल्या एका संत्र्याच्या शेडमध्ये कामाला होती. झाडावरून आलेला माल आकाराप्रमाणे वेगळा करायचा आणि पेट्यांमध्ये भरायचा, हे काम वीस वर्षं. मयूरीने आईवर लेख लिहिला. आई डोळे मिटून नुसत्या तळहाताने फळाचा आकार कसा ओळखते, घरी आल्यावर भाकरीचा गोळाही ती नकळत तसाच हातात तोलून कशी बघते, असं सगळं. आणि त्यात एक गुपित होतं. लग्न होऊन शेडमध्ये नवी नवी कामाला लागली तेव्हा, लाकडी पेट्यांच्या काळात, पुष्पाबाई एखाद्या पेटीच्या तळाशी, गवताच्या खाली, एक चिठ्ठी ठेवून द्यायची. चिठ्ठीवर लिहिलेलं असायचं, 'पुष्पा, शेंदूरजनाघाट. फळं चांगली निघाली का?' पेटी कुठल्या शहरात जाईल, कोण उघडेल, काही ठाऊक नाही. पाचवीपर्यंत शिकलेल्या बाईला आपलं अक्षर कुठंतरी लांब जावं असं वाटायचं, एवढंच. त्या चिठ्ठ्यांचं पुढे काय झालं, ते लेखाच्या शेवटच्या परिच्छेदात होतं.

म्हणजे, जिथं कुणी पोचलंच नाही, तिथं.

कारण छापील पानावर त्या लेखाचं शीर्षक होतं 'आईचा तळहात'. ऑनलाइन टाकताना डिजिटलच्या माणसांनी ते बदलून केलं, 'संत्र्याच्या पेटीच्या तळाशी काय दडवलं जायचं? शेडमधल्या बाईनेच फोडलं गुपित.'

दुपारपर्यंत खाली रांग लागली. 'हेच चालते वरून मोठे खालून बारीक.' 'गिऱ्हाइकाला लुबाडणारे.' 'अशा शेडवाल्यांचे नाव टाका.' 'बाईने इतकी वर्षं गप्प बसून आता काऊन सांगितलं, भाव मिळाला नाही वाटते.' वरच्या अभिप्रायाला उत्तर म्हणून खालचा, खालच्याला उत्तर म्हणून त्याच्या खालचा. लेख बाजूलाच राहिला. लोक एकमेकांनाच वाचत होते. आणि संध्याकाळपर्यंत शीर्षकाचा फोटो शेंदूरजनाघाटशेजारच्या वरुडच्या निम्म्या फोनांवर पोचला.

दोन दिवसांनी मयूरी ऑफिसात आली. हमीदभाईंच्या टेबलासमोर उभी राहिली आणि खाली बघत म्हणाली, "सर, लेख काढून टाका."

"काय झालं?"

"आईले कामावर येऊ नको म्हटलं. शेठले तीन व्यापाऱ्यायचे फोन आले. म्हने, तुमचीच बाई सांगते तुमी तळाशी बारीक माल टाकता. आई रडत नाई. नुसती म्हनते, तू लिवू नको आता."

हमीदभाईंनी मांडी मोडली. पाय खाली ठेवून ताठ बसलेले मी त्यांना पहिल्यांदा पाहिले.

"लेख काढला," ते म्हणाले, "तं ज्यायनं वाचला नाई ते म्हनतीन, पाहा, खरं होतं म्हनून काढला. आठ दिवस दे मले."

शीर्षक त्यांनी उभं राहून बदलून घेतलं. डिजिटलचा चेहरा पडला होता. तो वाईट पोरगा नव्हता. पण फोटो पसरून गेला होता, त्याला काय करणार. मग हमीदभाईंनी फोन घेतला आणि त्या लेखाखाली लिहिणाऱ्या प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: "हा अभिप्राय आम्ही कागदावर छापणार आहोत. आपल्या पूर्ण नावानिशी आणि गावानिशी छापू का?"

पाच दिवस मी शेजारून ऐकत होतो. "नको." "नको नको." "मी गमतीनं लिहिलं." "माह्या पोराच्या हातात फोन होता." एक जण म्हणाला, "साहेब, मी वाचलंच नाई, थांबा," आणि अर्ध्या तासाने त्याने फोन केला तेव्हा त्याला नीट बोलता येईना, त्याची आई त्याच कामातली होती. एवढ्या गर्दीतून नाव द्यायला तयार झाले ते नऊ जण. त्या नऊ जणांनी लेख वाचला आणि मग नवी पत्रं पाठवली. हमीदभाईंनी ती सलग छापली. एका शब्दालाही इस्त्री केली नाही.

पण शेडचे मालक वसंतराव, ज्यांना सगळे शेठ म्हणत, त्यांनी काही ते पान वाचलं नाही. हमीदभाईंनी त्यांनाही फोन केला होता.

"मले वाचाची गरज नाई," शेठ म्हणाले. "जे कळाचं ते कळलं."

"मी वाचून दाखवतो. दहा मिनिटं लागतील."

"मालाचे दिवस हायेत. तुमच्याजवळ टाइम असन, माह्याजवळ नाई." फोन बंद.

इथं मला मध्येच एक गोष्ट सांगून टाकली पाहिजे, नाहीतर ती शेवटी सांगावी लागेल आणि ती शेवटी सांगण्यासारखी नाही. हमीदभाई आता नाहीत. निवृत्त होऊन अकोल्याला गेले आणि दोन वर्षांनी, मागच्या थंडीत, वारले. बातमी आम्ही मोठी दिली, ऑनलाइनही दिली. खाली बघता बघता हात जोडलेल्या चित्रांची रांग लागली, आणि त्या रांगेत अकरा जणांनी विचारलं होतं, 'जनाजा कधी आहे?' जनाजा कधी आणि कुठून, ते बातमीच्या शेवटच्या ओळीत लिहिलेलं होतं. मला त्या अकरा जणांना फोन करावासा वाटला. केला नाही. तेवढी माझी योग्यता नाही.

पण मला ते आठवतात ते असे नाहीत. मला ते दिसतात ते शेंदूरजनाघाटच्या त्या शेडमध्ये, निवृत्तीच्या पंधरा दिवस आधी.

शेठचा फोन बंद झाल्यावर दुसऱ्याच दिवशी हमीदभाईंनी रजा टाकली आणि मला म्हणाले, "तुह्या राशीत प्रवास हाय काय?" भविष्य मीच लिहीत असल्यामुळे प्रवास होताच. आम्ही एसटीने वरुडला गेलो, तिथून ऑटोने पुढे. स्टँडवर मयूरी आणि पुष्पाबाई उभ्या होत्या. पुष्पाबाई म्हणजे लहानखुरी, सावळी बाई, पदर घट्ट धरलेला. ती शेडपर्यंत आली, पण आत यायला तयार होईना. दाराबाहेर भिंतीला टेकून उभी राहिली.

आत संत्र्यांचे ढीग होते आणि ढिगांभोवती पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. हात चालू, तोंडं चालू. शेठ मध्यभागी उभे, कानाला फोन. आम्हाला बघून त्यांच्या कपाळाला आठी पडली.

"तुमी आले काय? सांगतलं ना टाइम नाई."

"तुम्ही तुमचं काम करा," हमीदभाई म्हणाले. "मी माझं करतो. वडिलांचं काम चालू असतानाच मी वाचायचो. सवय आहे."

आणि शेठ पुढे काही म्हणायच्या आत त्यांनी एक पेटी उलटी केली, तिच्यावर मांडी घातली, खिशातून छापील पान काढलं आणि वाचायला सुरुवात केली.

पहिल्या परिच्छेदाला कुणी लक्ष दिलं नाही. एक म्हातारी मला हळूच म्हणाली, "हे काय मतं मांगाले आले काय जी?" दुसऱ्या परिच्छेदात तळहाताची गोष्ट आली तेव्हा जवळच्या दोन बायांनी हातातलं फळ तोलून पाहिलं. भाकरीच्या गोळ्याशी आल्यावर कुणीतरी हसलं आणि म्हणालं, "माह्या घरी बी मी तसंच करतो वं." तिसऱ्या परिच्छेदाशी तोंडं थांबली, हात चालू राहिले. फळं ढिगातून टोपलीत पडत होती त्याचा तेवढा आवाज. शेठचा फोन वाजला. त्यांनी तो बघितला आणि खिशात टाकला.

चिठ्ठीची गोष्ट आली तेव्हा एकीने दाराकडे पाहिलं. मग दुसरीने. पुष्पाबाईचा पदर दाराच्या कडेशी दिसत होता.

हमीदभाई वर बघत नव्हते. एकेक शब्द जागच्या जागी ठेवावा तसे वाचत होते. आणि मग शेवटचा परिच्छेद आला. मयूरीने लिहिलं होतं की, आईने अशा कितीतरी चिठ्ठ्या पाठवल्या आणि एकाही चिठ्ठीचं उत्तर आलं नाही. मग एक आलं. कलकत्त्याच्या एका फळवाल्याचं पोस्टकार्ड, हिंदीत, दुसऱ्या कुणाकडून लिहून घेतलेलं. त्याला पेटीच्या तळाशी चिठ्ठी सापडली होती, पण ती मराठीत होती, वाचता येत नव्हती. फेकून द्यावीशी वाटली नाही. म्हणून त्याने बाजारात मराठी येणारा माणूस शोधला. सापडायला दीड महिना लागला. चिठ्ठीत काय विचारलंय ते कळल्यावर त्याने उत्तर धाडलं होतं: 'पुष्पा बेटी, फल मीठे निकले। देर हुई, माफ़ करना।'

वाचून झालं. हमीदभाईंनी पान घडी करून खिशात ठेवलं. 'खालपर्यंत गेलते का' हा नेहमीचा प्रश्न त्यांनी विचारला नाही, विचारायची गरजच नव्हती.

बायांचे हात थांबलेले. दुसऱ्या दिवसापासून पुष्पाबाई तिच्या जागेवर कामाला बसली होती, हे मला मयूरीने नंतर कळवलं. शेठने त्या तीन व्यापाऱ्यांना स्वतः फोन केले, हेही. पण त्या घटकेला शेठ नुसते उभे होते. हातात एक संत्रं होतं, ते कुठल्या ढिगात टाकायचं हे विसरल्यासारखे. मग ते दाराकडे वळले, भिंतीला टेकलेल्या पुष्पाबाईकडे पाहिलं, पंधरा दिवसांत एक शब्द बोलले नव्हते तिच्याशी, आणि भर शेडमध्ये त्यांच्या तोंडून निघून गेलं:

"मंग? तू त्या मानसाले उलटं पत्र टाकलं का नाई?"